फुटाण्याच्या घरात कॉफी

लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी 'पुलगावात किराण्याचं दुकान आहे' एवढंच सांगितलं होतं. मी सेलूजवळच्या शेतकऱ्याघरची. किराणा म्हटल्यावर तराजू, पोती, गुळाच्या भेल्या असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेले तर भट्टी पेटलेली, लोखंडी ड्रम गरगर फिरतोय आणि बनियनवर, घामानं निथळत, माझा नवरा त्यात शेंगदाणे ओततोय. बाजूच्या कढईत गरम वाळूत हरभरे फुटत होते. दुकानातला किराणा नावापुरता होता. घर चालत होतं ते फुटाण्यांवर.

मला फसवल्यासारखं वाटलं नाही. उलट ती भट्टी मला दुकानापेक्षा आवडली.

दुकानाच्या गल्ल्यावर माझे भासरे बसत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. ते माझ्याशी थेट बोलत नसत, मी त्यांच्याशी बोलत नसे. आमच्याकडची रीतच तशी. मी समोर डोक्यावर पदर घेऊन उभी असले तरी ते नवऱ्याला म्हणत, "तिले सांगजो, उद्या पाव्हने येऊन राह्यले." मीही नवऱ्याकडे तोंड करून म्हणायची, "त्यायले सांगा, समजलं म्हनून." नवरा मध्ये उभा. सांगण्यासारखं काही उरलेलंच नसायचं, तरी तो मान हलवायचा. अशी वीस वर्षं आम्ही एका माणसाच्या दोन बाजूंनी बोललो.

लग्नाच्या अकराव्या वर्षी नवऱ्याचा उजवा खांदा आखडला. ड्रमचा दांडा फिरवता येईना. भासऱ्यांनी माणूस शोधायला सुरुवात केली आणि तो मिळेपर्यंत मी भट्टीवर बसले. माणूस मिळालाच नाही, किंवा मिळूनही मी उठले नाही, आता नीट आठवत नाही. भट्टीचं काम डोळ्यांपेक्षा कानानं चालतं. दाणा फुटायला लागला की आवाज बदलतो, आणि त्यानंतर क्षणभर जरी उशीर झाला तरी माल करपतो. माझा कान लवकर तयार झाला.

कॉफी आमच्याकडे आली ती डेपोमुळे. पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत देशभरातले लोक बदलून येतात. एका दुपारी कर्नाटकातल्या कोडगूकडची एक बाई कापडी पिशवी घेऊन दुकानात आली. तिचा नवरा हवालदार होता. भासऱ्यांनी तिला फुटाणे दाखवले, तिनं 'नको' म्हणून मान हलवली आणि मागून येणाऱ्या धुराकडे बोट करून विचारलं, "भैया, वहाँ कौन भूनता है?"

भासरे म्हणाले, "घर के लोग."

ती सरळ मागे आली. पिशवी माझ्यापुढे उघडली. आत फिक्या हिरव्या, करड्या बिया. मला आधी वाटलं, कसलं तरी कडधान्य असेल. "हमारे घर की कॉफी है, दीदी," ती म्हणाली. "क्वार्टर में कढ़ाई में भूनती हूँ, आधी जलती है, आधी कच्ची रहती है. आपके ड्रम में हो जाएगी?"

पहिल्या खेपेला मी तिच्या माहेरच्या कॉफीचं वाटोळं केलं. आच फुटाण्याची ठेवली. वरून काळी, आतून हिरवी, आणि ड्रम धुतलेला नसल्यामुळे सगळ्याला शेंगदाण्यांचा वास. तिनं एक बी दाताखाली फोडली आणि इतकी हसली की मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी ड्रम राखेनं घासून ठेवला होता. या वेळी ती माझ्या शेजारी बसली आणि आवाज ऐकायला शिकवला. आधी तड्, तड्, मोकळा आवाज. मग थोडी शांतता. मग बारीक, भरभर चुरचुर. "इन दोनों के बीच में," ती म्हणाली, "जो चाहिए वो मिलता है."

तिच्यानंतर तिच्या शेजारणी आल्या. मग बिया आणायला जमत नाही म्हणून नुसती भाजलेली कॉफी मागणाऱ्या आल्या. मी तिच्या भावाकडून पोतं मागवायला लागले. आठवड्यातून एक सकाळ फुटाणे बंद, कॉफी चालू. पुढे दोन सकाळी. डेपोच्या क्वार्टरमध्ये मला कॉफीवाली दीदी म्हणू लागले. बाजारात मात्र लोक हसायचे. पुलगावात टपरीटपरीवर चहा. कॉफी म्हणजे लग्नाच्या स्वागत समारंभात स्टीलच्या मशीनमधून फेसासकट येते ती, असं सगळ्यांचं ठाम मत.

तीन वर्षांनी हवालदाराची बदली झाली. ती जाताना रडली, मी रडले नाही. मला राग आला होता. इतकं शिकवून अर्ध्यात सोडून चालली, असं काहीसं. त्या रागाच्या भरातच मी नवऱ्याला म्हटलं, "मले बंगळूरले जाचं हाय. तिथं आठ दिवसात कॉफी भाजाचं शिकवते."

तो म्हणाला, "एकटी?"

"मंग काय भट्टी संग नेऊ?"

सेवाग्राम स्टेशनावरून गाडीत बसले. त्या वर्गात सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. दाढीवाले, टोपीवाले. कॉफीची चव पाहायची तर चमच्यातून ती जोरात ओढून घ्यायची असते, आवाज करत. ते सगळे लाजत, बिचकत ओढत होते. आमच्याकडे बशीतल्या चहाचा फुरका मारायला कोणाला शिकवावं लागत नाही. शिकवणारा माझ्याकडे बोट करून म्हणाला, असं करा. मला तेवढ्यानं जो धीर आला, तो घेऊन मी परत आले.

परत आल्यावर ठरवलं की आता हे अंगणात मावणार नाही. कॉफीचं खरं यंत्र घ्यायचं, पंधरा किलोचं. वेगवेगळ्या भाजणीची कॉफी करायची, गिऱ्हाईक सांगेल तशी दळून द्यायची, वर्ध्याच्या आणि नागपूरच्या हॉटेलांना द्यायची, आणि चार बाकं टाकून लोकांना बसून प्यायला एक खोली करायची. जागा होती. शेजारच्या नाचणगावला नवऱ्याच्या वाट्याचं जुनं शेड होतं, पूर्वी कापसाचं गोदाम असलेलं. भासरे ते एका खतवाल्याला भाड्यानं देणार होते.

घरात बैठक बसली. भासरे नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "तिले सांगजो, हे घर फुटान्यावर उभं राह्यलं. कॉफीवर कोन जगते इथं?"

मी म्हटलं, "त्यायले सांगा, मी जगतो का नाई ते पाहा."

"तिले सांग, गावात हासं होऊन राह्यलं."

"त्यायले सांगा, हासनारे पुड्या घेऊनच जाते."

नवरा दोघांच्या मध्ये बसून पाण्याच्या तांब्याकडे पाहत राहिला. शेवटी तो म्हणाला, "शेड माह्या वाट्याचं हाय, दादा. खतवाल्याले नाई म्हनून सांग." आमच्या संसारात त्यानं भावासमोर 'नाई' म्हटल्याची ती पहिली वेळ. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, पाहिलं असतं तर तो डगमगला असता.

माहेरच्या शेतातला माझा हिस्सा मी भावाला विकला आणि यंत्र आणलं. यावरही बोलणारे बोललेच. लेकीनं माहेरची जमीन कॉफीत घातली म्हणून. पण ती जमीन माझी होती. आणि कापूस पेरण्यावर कोणी बोललं नव्हतं, मग कॉफीवर काऊन बोलायचं?

परवान्याच्या कार्यालयात बाबूनं विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, "मी." तो माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे मान लांब करून म्हणाला, "नाही, मालक, मालक." नवरा म्हणाला, "मालकीन ह्या हायेत. माह्यानं दांडा फिरवनं होत नाई." बाबूनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि रकान्यात माझं नाव लिहिलं.

शेड सुरू झालं तेव्हा मी आणि गावातल्या तीन बाया होतो. तिघीही आधी मजुरीला जात. मी त्यांना आवाज ऐकायला शिकवला, जसा मला शिकवला होता तसा. पहिले दोन महिने हॉटेलवाल्यांनी नमुने घेतले, 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. त्याच काळात नागपूरचा एक व्यापारी गाडी घेऊन आला. तो आमचं यंत्र पाहून खूष झाला. म्हणाला, तुमचं सगळं उत्पादन मी उचलतो. पुडा माझा, नाव माझं, आणि अर्ध्याहून जास्त चिकोरी मिसळायची. चिकोरी म्हणजे एक मूळ असतं, भाजून दळलं की कॉफीसारखं काळं दिसतं आणि स्वस्त पडतं. पुष्कळ लोकांना ते आवडतंही, त्यात पाप काही नाही. पण तो पुड्यावर 'शुद्ध कॉफी' छापणार होता.

मी म्हटलं, "छापा जे आत हाय ते. मंग देतो."

तो हसला. "बाई, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही."

"मले कळते ना."

ही गोष्ट भासऱ्यांपर्यंत पोचायला एक दिवसही लागला नाही. दारात आलेली लक्ष्मी लाथाडली, असं ते बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले. हॉटेलांचं अजून काही जुळलं नव्हतं आणि यंत्र आठवड्यातले चार दिवस थंड असायचं. मला झोप लागत होती असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाला हो म्हणावं असं एकदाही वाटलं नाही.

मे महिन्यात आग लागली.

कॉफी भाजताना बियांवरचं पातळ साल सुटतं, कागदासारखं हलकं. ते ओढून घ्यायला नळी असते, ती वर चिमणीला जोडलेली. ती नळी रोज झाडायची. त्या दिवशी सकाळी वीज नव्हती, आली तेव्हा डेपोतल्या बायांची एक मोठी मागणी पूर्ण करायची घाई होती, म्हणून मी म्हटलं, राहू द्या, दुपारी झाडू. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. तिसऱ्या खेपेला चिमणीच्या आतून 'भप्' असा आवाज झाला आणि वरून ज्वाळा निघाली. आम्ही गॅस बंद केला, बिया बाहेर पाडल्या, ओली पोती टाकली. शेजारच्या घरांतून लोक बादल्या घेऊन धावले. दहा मिनिटांत विझलं. कोणाला इजा झाली नाही. एका बाईचा पदर जळाला, ती मलाच पाणी पाजत होती.

पण धूर दूरवरून दिसला. आमच्या भागात काळा धूर दिसला की लोकांची मान आधी डेपोकडे वळते. मायलेकरं घराबाहेर येऊन उभी राहतात. त्या दहा मिनिटांत आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्यांचा जीव टांगणीला लागला होता, हे मला नंतर कळलं आणि त्याची मला खरीखुरी लाज वाटली.

चौथ्या दिवशी नाचणगावात ग्रामसभा. विषय एकच, शेड बंद करा. मी नवऱ्याबरोबर गेले, शेडमधल्या तिघी माझ्या मागे बसल्या. बोलणारे बोलले. एकानं विचारलं, दारूगोळ्याच्या गावाजवळ आगीचा खेळ कायले पायजे? एक म्हातारी म्हणाली की माझा नातू त्या दिवशी भीतीनं जेवला नाही. तिला मी हात जोडले. तिचं खरं होतं.

मग पुढच्या रांगेतून भासरे उठले. ते आमच्या बाजूनं बोलतील अशी वेडी आशा मला होती. त्यांनी सभेकडे तोंड केलं आणि म्हणाले, "माह्या घरचीच गोष्ट हाय म्हनून सांगतो. बंद करा ते. साठ वर्षं आमची भट्टी चालून राह्यली, कधी ठिणगी उडाली नाई. बायकायच्या हातात आग देल्ली का असंच होते."

नवरा उठायला लागला, मी त्याचा हात धरून खाली बसवला आणि स्वतः उठले. पदर सावरला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाकडे सरळ पाहून बोलले.

"दादा, तुमच्या भट्टीवर आठ वर्षं कोन बसलं होतं? तवा ठिणगी काऊन नाई उडाली? तवाई बाईचाच हात होता ना?"

मला वाटतं, मी बोलले काय यापेक्षा मी त्यांच्याशी बोलले, याचाच त्यांना धक्का बसला होता.

मग मी सभेला म्हटलं, "चूक माही हाय. नळी झाडली नाई म्हनून पेटलं. बादल्या घेऊन धावले त्यायचे उपकार मी विसरनार नाई. चिमनी उंच करतो, साल अडवाची पेटी बसवतो, पान्याची टाकी लावतो. कोनीबी, कोनत्याबी दिवशी, न सांगता येजो आन पाहून जाजो. नळी झाडली नसन तर त्या दिवशी तुमीच कुलूप लावा. पन आज मी बंद नाई करनार. चुकलं म्हनून दुरुस्त करीन, बंद काऊन करू?"

कोणी टाळ्या वाजवल्या, असं काही झालं नाही. उलट एक-दोघं कुरकुरत बाहेर गेले. पण ती नातवाची आजी म्हणाली, "मी येईन पाहाले. दर सोमवारी येईन." सरपंच बाईंनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात सगळं बसवायचं, नाहीतर बंद.

महिनाभर यंत्र बंद ठेवून आम्ही ते बसवलं. वर्ध्याच्या फॅब्रिकेशनवाल्यानं साल अडवायची पेटी बनवली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आजी खरोखर सोमवारी यायची. नळीत हात घालून पाहायची आणि हात माझ्याच लुगड्याला पुसायची.

याची किंमत आम्ही दिली. त्या पावसाळ्यात घर वेगळं झालं. फुटाण्यांचं दुकान भासऱ्यांकडे, शेड आमच्याकडे. नवरा रोज सकाळी भावाबरोबर ओट्यावर बसून चहा घ्यायचा, ते चाळीस वर्षांचं बसणं संपलं. आताही सकाळी सातच्या सुमाराला तो उगाच शेडच्या दारात जाऊन उभा राहतो आणि रस्ता पाहतो, हे मला दिसतं. मी त्याला कधी म्हटलं नाही की माझं बरोबर होतं. बरोबर होतं, तरी म्हटलं नाही.

धंदा हळूहळू उभा राहिला. एका हॉटेलच्या स्वयंपाक्यानं स्वतः चव घेऊन मागणी दिली, त्याच्या ओळखीनं आणखी तिघांनी. डेपोतून बदलून गेलेल्या बाया दूरदूरच्या छावण्यांमधून पार्सल मागवतात. कोडगूच्या मालाबरोबर आता चिखलदऱ्याचाही माल येतो. सातपुड्याच्या डोंगरात कॉफी पिकते हे आमच्याकडच्या निम्म्या लोकांना मी पुडा दाखवल्यावर कळलं. हलकी, मध्यम, गडद अशा तीन भाजण्या आहेत. चिकोरी घातलेलीही आहे, आणि पुड्यावर किती घातली ते ठळक लिहिलंय. ती चांगली खपते. उन्हाळ्यात आर्वीकडच्या संत्र्यांच्या रसात थंड कॉफी ओतून देतो. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मग कॉलेजच्या मुली गाड्यांवरून ती प्यायला यायला लागल्या. तीनच्या आता सात बाया झाल्या आहेत. या वर्षी दुसरं यंत्र घ्यायचं ठरलंय आणि मागची भिंत पाडून खोली वाढवायचं काम चालू आहे. पुन्हा लोक म्हणतायत, एवढं वाढवून करायचं काय. करायचं आहे, म्हणून वाढवतेय. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

खोलीत आम्ही चहा ठेवत नाही. यावरून रोज भांडण. परवा दुपारी एक शेतकरी आला, बाजारातून परतताना. बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, एक फुल चहा."

"चहा नाई मिळत."

"चहा नाई? मंग बाकं कायले टाकले?"

"कॉफीसाठी."

त्यानं आजूबाजूला पाहिलं, जणू कोणीतरी चहा लपवून ठेवलाय. मग म्हणाला, "दे मंग, काय ते." मी स्वतः करून दिली, दूध घालून, साखर त्याच्या हातानं घालायला दिली. त्यानं तीन चमचे घातले, दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "कडू हाय."

"हाय कडू."

"आन तुमी ही विकता?"

"रोज."

तो अर्धा कप तसाच ठेवून पैसे देऊन गेला. माझ्याजवळ उभी असलेली बाई हळूच म्हणाली, "थोडासा चहा ठेवलाच तर काय बिघडते, ताई?" मी कप उचलला, धुतला आणि उपडा घातला. "नाई ठेवाचा," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुढची खेप टाकायला आत गेलो.